सोलापुरात पक्षी मोजायचे आणि जपायचे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडली की आमच्या पक्षीनिरीक्षक गटाकडे पाहुण्या पक्ष्यांबद्दल विचारणा सुरू होते. एप्रिल-मेमध्ये ऊन तापलं की रोज कुणीतरी पडलेल्या पिल्लाचा फोटो पाठवतं. दरवेळी एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पक्षी जखमी असेल आणि घाई असेल तर थेट प्रश्न १४ आणि १५ वाचा.

१. नुसते पक्षी मोजून पक्षी वाचतात कसे?

याचं उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. सोलापूरचे पक्षी अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७०च्या दशकात नान्नजच्या माळावर माळढोकांच्या नोंदी ठेवल्या आणि त्या घेऊन सरकारदरबारी पाठपुरावा केला. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं, त्यात या नोंदींचा मोठा वाटा होता. वहीत तारीख, वेळ आणि आकडा नसता, तर 'माळावर मोठाले पक्षी असतात' एवढ्या बोलण्यावर काहीच झालं नसतं.

आता हेच काम देशभर हजारो लोक मिळून करतात. २०२३चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल ३०,००० हून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळाचा कल काढता आला, त्यातल्या ६० टक्के घटलेल्या निघाल्या. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीळकंठही त्यांत आहे. तारेवर बसलेला नीळकंठ आजही दिसतो, म्हणून तो कमी होतोय हे एकट्यादुकट्याच्या लक्षात येत नाही. हजारो याद्या शेजारी ठेवल्यावरच ते कळतं.

२. मला चिमणी, कावळा, साळुंकी, पोपट, बगळा एवढेच ओळखता येतात. माझा काय उपयोग?

भरपूर आहे. दुर्मीळ पक्ष्यामागे धावणारे पुष्कळ असतात, पण आपल्या गल्लीतल्या साळुंक्या दर रविवारी मोजणारं माणूस मिळत नाही. ओळखीचे पाच पक्षी वर्षभर एकाच जागी मोजले तर ती नोंद सोन्यासारखी असते. सहावा पक्षी पाहता पाहता कळायला लागतो.

३. दुर्बीण, कॅमेरा घ्यावाच लागतो का?

नाही. वही, पेन आणि घड्याळ पुरे. पुढेमागे घ्यायचीच झाली तर ८ बाय ४२ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण घ्या. मोठ्या आकड्याच्या दुर्बिणी हातात थरथरतात. कॅमेऱ्याची घाई करू नका. फोटोच्या नादात मोजणी राहून जाते.

४. सोलापुरात सुरुवात कुठून करू?

घरातून. गच्ची, अंगण, शाळेचं मैदान, कामावर जायचा रस्ता, काहीही चालेल. पाण्यावरचे पक्षी पाहायचे तर विजापूर रोडचा संभाजी तलाव (आपण सगळे त्याला कंबर तलावच म्हणतो), किल्ल्याजवळचा सिद्धेश्वर तलाव आणि तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा. जिल्ह्यात उजनीचा जलाशय आहेच, तिथे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित (फ्लेमिंगो) येतात.

आम्हाला सगळ्यांत आवडतो तो हिप्परगा. जानेवारीत सकाळी सातला काठावर उभं राहिलं की धुक्यातून आधी फक्त आवाज येतो. मग पाण्यावर काळे ठिपके दिसायला लागतात. अंगानं काळे, कपाळावर पांढरा टिळा, थव्यानं एका दिशेला सरकणारे. यांना मराठीत वारकरी म्हणतात. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यात हे नाव वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ती आपल्या उपखंडात १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक परसबाग पक्षीगणना असते, तिला किमान १५ मिनिटं दिली तरी चालतात. आणि ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. चितमपल्ली सोलापूरचे. इथेच जन्मले आणि जून २०२५मध्ये इथेच गेले. निदान या आठवड्यात तरी प्रत्येक सोलापूरकरानं एक यादी करावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

५. थवा मोठा असला की मोजायचं कसं? अंदाज चालतो का?

चालतो, पण अंदाज काढायची रीत आहे. आधी थव्यातले दहा पक्षी नीट मोजा. ते दहा किती जागा व्यापतात हे डोळ्यांत बसवा आणि तेवढे तुकडे थव्यावर टाकत पुढे जा. थवा फारच मोठा असेल तर पन्नासाचा तुकडा धरा. दोघांनी वेगवेगळं मोजून आकडे ताडून पाहावेत. 'खूप होते' लिहिण्यापेक्षा 'सुमारे २००' लिहिलेलं कधीही चांगलं. मोजणं अगदीच जमलं नाही तर ईबर्डवर (पक्ष्यांच्या याद्या टाकायचं अ‍ॅप) आकड्याच्या जागी एक्स टाकता येतो, पण त्याची सवय लावून घेऊ नका.

६. ईबर्डवर 'पूर्ण यादी आहे का' असं विचारतात. मला तर सगळे पक्षी ओळखताच येत नाहीत, मग हो म्हणू की नाही?

हो म्हणा. तुम्हाला दिसलेले, ऐकू आलेले आणि *ओळखता आलेले* सगळे पक्षी लिहिले, मुद्दाम कुठला गाळला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. कावळे-पारवे 'त्यात काय लिहायचं' म्हणून सोडले तर मात्र यादी अपूर्ण.

पूर्ण यादीची किंमत अशी, की तिच्यात *नसलेला* पक्षीसुद्धा माहिती देतो. शंभर पूर्ण याद्यांपैकी पूर्वी साठांत चिमणी होती आणि आता तीसांत आहे, हे गणित फक्त पूर्ण याद्यांवरूनच मांडता येतं. म्हणून भर दुपारी अर्धा तास बसून दोन होले आणि एक कावळा एवढंच मिळालं तरी यादी टाका. आमच्यातले नवीन सभासद अशी यादी 'वाया गेली' म्हणून पुसून टाकतात, तेव्हा फार जीव हळहळतो.

फिरत मोजत असाल तर एका यादीत एक-दोन किलोमीटरपेक्षा जास्त अंतर धरू नका. चौघं एकत्र गेलात तर एकानं यादी करून बाकीच्यांना त्यात सामील करून घ्यावं. चौघांनी चार याद्या टाकल्या तर एकच खंड्या चारदा मोजला जातो.

७. मला पक्ष्यांची गावातली नावं माहीत आहेत, पुस्तकी नावं नाहीत. काय लिहू?

गावचं नाव आधी लिहा, ते हरवता कामा नये. सोलापुरात तर एकाच पक्ष्याला तीन भाषांत हाक मारतात. आपली चिमणी शेजारच्या कानडी घरात गुब्बच्ची असते आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरात पिच्चुका. वहीत ही सगळी नावं असू द्या. अ‍ॅपमध्ये टाकताना खात्री नसेल तर नुसतं 'भोवत्या' (हा शिकारी पक्षी), 'चंडोल' असा गट निवडा. ओळख चुकवण्यापेक्षा मोघम ठेवलेली बरी.

८. माझी नोंद 'तपासणीसाठी' अडकली आणि कुणीतरी फोटो मागितला. मी खोटं बोलतोय असं वाटतं का त्यांना?

नाही. त्या भागात, त्या महिन्यात सहसा न दिसणारा पक्षी किंवा नेहमीपेक्षा मोठा आकडा आला की यंत्रणा तो आपोआप बाजूला काढते. मग एखादा जाणकार स्वयंसेवक तो तपासतो. जुन्या जाणत्यांच्या नोंदीही अशाच अडकतात. काय पाहिलं, किती लांबून, रंग, चोच, उडण्याची लकब हे चार ओळींत लिहून पाठवा, फोटो नसला तरी चालेल. आठवत नसेल तर 'खात्री नाही' म्हणून नोंद मागे घ्या, त्यात कमीपणा नाही.

९. नान्नजला गेलो तर माळढोक दिसेल का?

बहुतेक नाही. खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. देशभरात मिळूनच दीडशेच्या आत माळढोक उरले आहेत आणि त्यातले बहुसंख्य राजस्थानात. नान्नजला त्याचं दर्शन आता क्वचितच घडतं. मादी साधारण वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. पक्षी जड, समोरचं त्याला कमी दिसतं, त्यामुळे उडताना विजेची तार टाळणं जमत नाही. जैसलमेरजवळ २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम चालू आहे.

तरी नान्नजला जरूर जा. सोलापूरपासून बार्शी रस्त्यानं साधारण वीस किलोमीटर. काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगाही. धाविक, पखुर्डी, माळटिटवी, चंडोल हे सगळे गवताचे पक्षी तिथे आहेत. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्ये संध्याकाळी गवतात मुक्कामाला उतरतात, ते एकदा पाहाच. जाताना वनखात्याची परवानगी घ्या आणि ठरलेल्या वाटेवरूनच चाला, कारण इथली घरटी पायाखाली असतात. डोंबारी नावाचा चिमणीएवढा पक्षी जनावराच्या खुराच्या ठशातसुद्धा घरटं करतो. आम्ही एक पाहिलं होतं. म्हशीच्या खुराचा वाळलेला खळगा, आत थोडं गवत, कडेला वाटाण्याएवढे खडे रचलेले आणि मधे मातकट ठिपक्यांची दोन अंडी. वीतभर अंतरावर आमच्याच बुटाचा ठसा होता.

१०. आम्ही शेतकरी आहोत. अभयारण्यामुळे आमच्या जमिनी अडकल्या आणि वर पक्षी ज्वारी खातात. आम्ही पक्षी का जपायचे?

तक्रार रास्त आहे. १९७९ साली अभयारण्य ८,४९६ चौरस किलोमीटरचं जाहीर झालं, त्यात खासगी शेती आणि वस्त्याही आल्या. खरेदी-विक्री आणि बांधकामाच्या अडचणींत लोक वर्षानुवर्षं अडकले आणि माळढोकाचं नाव काढलं की राग यायला लागला. पुढे हद्द कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर केली. एवढी मोठी हद्द लोकांना न विचारता आखली नसती, तर गावंच माळढोकाची राखण करायला उभी राहिली असती, असं आमचं मत आहे.

ज्वारीचं म्हणाल तर हुरड्यात आलेलं कणीस पाखरं खातात, नाही कसं म्हणू. गोफण, डबा, बुजगावणं लावा, पाखरं हाकला. जाळी टाकून किंवा औषध लावलेले दाणे टाकून मारू नका, तो गुन्हा आहे आणि त्यात तुमची कोंबडी-कुत्रीही मरतात. त्याच पाखरांचा दुसरा हिशोबही बघा. हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे उभे करायला कृषी खातंच सांगतं. दोन काठ्यांचा थांबा रोवला की कोतवाल आणि साळुंक्या त्यावर बसून अळ्या टिपतात. हिवाळ्यातले भोवत्ये नाकतोड्यांवर जगतात. रब्बीत थांबा लावलेल्या आणि न लावलेल्या वाफ्यात किती पक्षी उतरले ते पंधरा-पंधरा मिनिटं मोजून आम्हाला कळवा. शेतातून येणाऱ्या नोंदी फार थोड्या आहेत.

११. आमचं मंडळ पावसाळ्यात उजाड माळावर हजार झाडं लावणार आहे. पक्ष्यांसाठी कुठली लावावीत?

माळावर लावू नका. हे उत्तर ऐकून लोक नाराज होतात, पण माळ उजाड नसतो. उन्हाळ्यात पिवळा पडलेला माळ म्हणजे पवन्या, मारवेल, कुसळीचं रान असतं आणि माळढोक, तणमोर, धाविक, चंडोल हे त्याच मोकळ्या रानाचे पक्षी. लांबवर दिसलं तरच त्यांना सुरक्षित वाटतं. तिथे गिरिपुष्प किंवा सुबाभळीच्या ओळी उभ्या केल्या की गवत मरतं, झाडांवर कावळे येतात आणि जमिनीवरची अंडी टिपतात. सरकारी कागदावर 'पडीक' लिहिलेली जमीन पक्ष्यांच्या लेखी भरलेलं घर असते.

तुमचा उत्साह वाया जायला नको. हजार झाडं शहरात, शाळेत, ओढ्याकाठी, बांधावर लावा. वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब, बोर, बाभूळ, पांगारा. बोरीबाभळी काटेरी म्हणून तोडतात, पण सुगरणीची घरटी अनेकदा बाभळीवर दिसतात.

१२. मोबाइल टॉवरमुळे चिमण्या गेल्या, हे खरं आहे का?

तसा ठोस पुरावा नाही. चिमणीला घरटं करायला फट लागते आणि पिल्लांना भरवायला अळ्या-किडे लागतात. जुन्या सोलापुरात माळवदाची घरं होती. लाकडी सर, भिंतीतले कोनाडे, तसबिरीमागची जागा. आता सगळं गुळगुळीत सिमेंट आणि काच. २०२०च्या देशपातळीवरच्या अहवालात चिमणी एकूण देशात टिकून असल्याचं आणि मोठ्या शहरांत मात्र घटल्याचं दिसलं.

लाकडी घरटं लावायचं तर भोक सव्वातीन सेंटीमीटरच्या आसपास ठेवा, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. आठ-दहा फूट उंचीवर, सावलीत, पंख्यापासून लांब. पुढे बसायला दांडी लावू नका, तिचा फायदा कावळ्याला होतो. पहिल्या वर्षी चिमणी आली नाही तरी काढू नका.

१३. उन्हाळ्यात पाणी ठेवतो. दाणेही टाकावेत का?

पाणी अवश्य ठेवा. पसरट, खडबडीत मातीचं परळ, दोन इंचांपेक्षा उथळ, सावलीत आणि मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी. रोज घासून पाणी बदला. शिळ्या पाण्यात डास होतात आणि पक्ष्यांना रोगही. स्टीलचं किंवा प्लॅस्टिकचं भांडं आपल्या मे महिन्यात चटका बसेल इतकं तापतं.

दाण्यांबद्दल आमचं मत वेगळं आहे. चौकात पोत्यानं ज्वारी टाकली की पारव्यांचीच गर्दी वाढते आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ माणसांच्या फुप्फुसांना बाधते. दाण्यांच्या पैशात एक उंबर लावा.

१४. पिल्लू खाली पडलंय, आता काय करू?

अंगावर पिसं आलेली असतील आणि टुणटुण उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय. आई-बाप जवळपास आहेत. कुत्र्या-मांजराला हाकला, रस्त्यात असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. उघडं, डोळे मिटलेलं असेल तर घरटं शोधून परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज चुकीचा आहे.

दूध-पाव, भात, बिस्किट काहीही भरवू नका. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. उन्हानं भोवळ येऊन पडलेला पक्षी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, गार जागी ठेवा. तासाभरात बरेचसे सावरतात आणि उडून जातात. सावरला नाही किंवा जखम असेल तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन.

एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा.

१५. मांज्यात अडकलेला पक्षी कसा सोडवायचा?

तुमच्या हाती एकच गोष्ट आहे, झाडाकडे जाणारा दोरा कापणं. पक्ष्याच्या अंगात रुतलेला मांजा ओढू नका. आम्ही हे चुकून शिकलो. पहिल्यांदा चिंचेवर लटकलेली घार उतरवली तेव्हा तिला लवकर मोकळं करावं म्हणून पंखाखालचा दोरा ओढला आणि जखम हाडापर्यंत उघडली. ती घार वाचली नाही. आता आम्ही डोक्यावर कापड टाकतो, पंख अंगाशी धरतो, दोन्हीकडे वीतभर मांजा ठेवून कापतो आणि खोक्यात घालून पशुवैद्याकडे नेतो.

नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली देशभर बंदी घातली आहे. विकताना दिसला तर पोलिसांना कळवा. साध्या सुताचे गुंतेही टाकून देऊ नका. यंत्रमागांच्या गल्ल्यांत पारव्यांच्या बोटांना सूत आवळून बोटं झडलेली आम्ही नेहमी पाहतो.

१६. आमच्याकडे दहा वर्षांपासून पिंजऱ्यात पोपट आहे. सोडून देऊ का?

आपला देशी पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, कितीही प्रेमानं ठेवला तरी. पण इतक्या वर्षांनी गच्चीतून सोडू नका. त्याला उडायचं बळ नसतं, खाणं शोधता येत नाही, कावळे मारतात. वनखात्याशी बोलून त्यांच्या ताब्यात द्या. परदेशी जातींचे नियम वेगळे आहेत, तेही तिथेच विचारा.

१७. घरट्याचे फोटो टाकायचे नाहीत असं का सांगता?

घरट्याजवळ माणूस थांबला की पक्षी परतत नाही, आणि आपल्या उन्हात उघडी अंडी थोड्या वेळात भाजतात. आपल्या येण्या-जाण्यानं कावळ्या-मुंगसालाही वाट दिसते. फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं हाही त्रासच आहे.

दुर्मीळ पक्ष्याचं नेमकं ठिकाण ग्रुपवर टाकू नका. ईबर्ड धोक्यातल्या काही जातींची जागा स्वतःच झाकतं. बाकीच्यांसाठी तुम्हाला यादी लपवण्याची सोय आहे. यादी मात्र टाका. ठिकाण उघड न करताही नोंद कामाला येते.

१८. पायात कडी असलेला पक्षी सापडला. हेरगिरीचा आहे का?

असे फोन दरवर्षी येतात. कडी दोन प्रकारची असते. पारव्यासारखा, माणसाला न बुजणारा पक्षी असेल तर बहुतेक शर्यतीचं पाळीव कबुतर वाट चुकलंय. जंगली पक्ष्याच्या पायात धातूची क्रमांक कोरलेली कडी किंवा मानेत रंगीत पट्टा असेल तर ती संशोधकांनी स्थलांतर कळावं म्हणून घातलेली असते. भारतात हे काम प्रामुख्यानं १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी करते.

जिवंत पक्ष्याची कडी काढू नका. क्रमांक, अक्षरं, पट्ट्याचा रंग, उजवा पाय की डावा, तारीख आणि ठिकाण लिहा, फोटो काढा आणि कडीवर दिलेल्या पत्त्यावर कळवा. पक्षी मेलेला असेल तरी कळवा. तळ्यावर पट्टकदंब हंसांचा थवा उतरला असेल तर दुर्बिणीतून एकेकाची मान सावकाश पाहत जा. मानेत पट्टा असलेला हंस निघाला तर आधी अक्षरं मोठ्यानं म्हणा आणि शेजारच्याला लिहायला सांगा. डोळा दुर्बिणीवरून हलवला की तो पुन्हा थव्यात मिसळतो.